डब्याला माईक

आमच्या खानदेशात गाणं चांगलं झालं की नाही हे कानाने ठरत नाही, अंतराने ठरतं. कार्यक्रम संपल्यावर सूर कसा लागला होता असं कुणी विचारत नाही. विचारतात, "कोठलोंग ऐकू गयं?" म्हणजे कुठपर्यंत ऐकू गेलं. नदीपलीकडे गेलं असेल तर कार्यक्रम बरा, हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत गेलं असेल तर उत्तम, आणि पहूरला वाजलेलं जामनेरात ऐकू आलं असं कुणी शपथेवर सांगितलं तर त्या गायकाला पुढच्या वर्षीही बोलावणं ठरलेलं. अशा मुलखात मी रेझोनेटर गिटार वाजवायला बसलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

ही गिटार माझ्याकडे आली भुसावळहून. तिथल्या रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं आणि घरातल्या म्हाताऱ्या गार्डसाहेबांनी सामान शेजारपाजारी वाटून टाकलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला मांजर मिळालं. माझे मामा त्यांच्या शेजारी राहायचे, त्यांच्या वाट्याला हे आलं. मामांनी ते पोत्यात घालून जळगावला आमच्या पिंप्राळ्याच्या खोलीवर आणून दिलं. आईने पोतं उघडलं आणि विचारलं, "याच्यात शिजवतात काय?"

तिची काही चूक नव्हती. अंग सगळं पत्र्याचं, चकचकीत. मधोमध भोकाभोकांचं गोल झाकण. झाकण काढलं की आत पातळ ॲल्युमिनियमची वाटी, आपल्या घरातल्या खोलगट ताटलीएवढी. तारांचा सगळा भार त्या वाटीवर येतो आणि तार छेडली की वाटी थरथरते. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. मग जो आवाज निघतो त्यात थोडा पत्रा असतो, थोडं रडणं असतं आणि थोडा मध असतो. गंमत अशी, की माईक नसलेल्या काळात मोठा आवाज यावा म्हणूनच हे वाद्य कुणीतरी बनवलेलं होतं. आमच्या घरमालकांना ते तीन घरं सोडून ऐकू जायचं आणि ते तसं येऊन सांगायचेही. पण तीन घरं हे काही खानदेशातलं अंतर नव्हे.

दिवसा मी एका कचेरीत कारकून होतो. तिथे मी बोललो काय आणि गप्प बसलो काय, कुणाच्या चहाचा घोट अडत नव्हता. संध्याकाळी मात्र ती वाटी थरथरायला लागली की मला वाटायचं, हे माझं बोलणं आहे. ते लोकांनी ऐकावं, आणि आहे तसं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. एवढ्याशा इच्छेपायी माणसाला काय काय करावं लागतं ते आता सांगतो.

आमच्या भागात एक नाना होते. मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा, आणि त्याला जोड म्हणून ऑर्केस्ट्रा. नानांना सुरातलं कळत नव्हतं पण गर्दीतलं फार कळत होतं. त्यांनी माझी गिटार पाहिली, तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला, मिशी नीट केली आणि मला घेतलं. दोन गाण्यांच्या मधे गायक पाणी पितो तेवढ्यात मी एक धून वाजवायची. माझ्या वाद्याला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं: डबा. आणि पहिल्याच दिवशी अटही घातली.

"हे पहा, या लग्नसराईत तुमचा डबा शेवटच्या रांगेत ऐकू आला पाहिजे. आला, तर खुर्ची तुमची. नाहीतर सुरतेला माझा भाचा आहे, तो कॅसिओ घेऊन यायला तयारच बसलाय. त्या पेटीत म्हणे शंभर वाद्यं आहेत."

शंभर वाद्यांपुढे माझं एक. मी हो म्हणालो.

लाउडस्पीकर लावायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. माणूस सोन्यासारखा. त्यांच्या मशीनला बटणं पुष्कळ होती, पण भाऊंचा विश्वास एकाच बटणावर, आणि ते बटण फिरवायची त्यांना एकच दिशा ठाऊक. आवाज कमी आला तर उजवीकडे, फाटला तर उजवीकडे, मशीनमधून धूर आला तर मात्र ते थोडा विचार करायचे.

चाळीसगावच्या पहिल्या कार्यक्रमात भाऊंनी माझ्या डब्यासमोर माईक ठेवला आणि बटण उजवीकडे फिरवलं. मी तारेला हात लावायच्या आत कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी फेटे सोडून कान धरले. एक गृहस्थ तर चप्पल शोधायला लागले. झालं असं, की माझ्या पोटातली ती वाटी, म्हणजे गिटारीच्या पोटातली, जशी बोलते तशीच ऐकतेही. तिचा आवाज माईकमधून कर्ण्यात गेला, कर्ण्यातून परत येऊन तिच्यावर आदळला, ती आणखी थरथरली, ते पुन्हा माईकने उचललं. सासू-सुनेच्या भांडणात घडतं तेच घडलं. दोघी एकमेकींचं ऐकून चढत गेल्या.

भाऊंनी मात्र दुखणं डब्यातच आहे असं ठरवलं. "तुना डबाना पोटमा वारा भरायेल शे. कपडा कोंब." मी माझा टॉवेल कोंबला. शिट्टी थांबली. आवाजही थांबला. मी धून वाजवली ती कुणीतरी दुसऱ्या खोलीत उशीवर थापट्या मारतंय अशी ऐकू आली. नाना स्टेजच्या कडेला उभे राहून माझ्याकडे न बघता पान खात होते. ते चिडले की असंच पान खायचे.

मग एका बँजो पार्टीतल्या ओळखीच्या वादकाने उपाय सुचवला. आमच्याकडचा बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायची तारांची पेटी. वरातीपुढे तोच असतो. त्याच्या तारांखाली एक चुंबकाची कॉईल बसवतात, ती तारेची थरथर उचलते आणि थेट मशीनला देते. माईक नाही, म्हणून शिट्टी नाही. तशी कॉईल माझ्या तारांखाली चिकटवली आणि धुळ्याच्या एका लग्नात मी वाजवायला बसलो. आवाज असा निघाला की शेवटच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. ओळखीच्या आवाजाला पाय ओळख देतात, त्यांचेही पाय हलायला लागले. नवरदेवाचे मामा शर्ट काढून नाचले. नानांनी स्टेजवर येऊन मला मिठी मारली.

मी घरी येऊन जेवलो नाही. आईला वाटलं लग्नात जेवून आलोय. कॉईलला फक्त तारा ऐकू येतात, वाटी ऐकू येत नाही. लोक ज्याच्यावर नाचले तो बँजो होता. माझी गिटार त्यात कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कॉईल काढून टाकली. नानांना कळलं तेव्हा ते खरोखर कळवळले.

"अरे, लोक नाचले!"

"पण नाना, ते बँजोवर नाचले."

"मग? बँजोत काय वाईट आहे?"

बँजोत काहीच वाईट नव्हतं. बँजो फार प्रामाणिक वाद्य. पण लग्न आपलं आणि हारात दुसऱ्याची मान, असं मला चालत नव्हतं. नानांनी एक पान जास्त खाल्लं आणि मला आणखी एक संधी दिली.

तिसऱ्या खेपेला मी आणि भाऊंनी मिळून डोकं चालवलं, आणि दोन डोकी एकत्र आली की चूकही दुप्पट होते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागे एक छोटा खडा असतो. सुईची बारीक थरथर तो पकडतो. आम्ही विचार केला, सुईची पकडतो तर वाटीची का नाही पकडणार? तो खडा मेणाने आणि चिकटपट्टीने थेट वाटीला चिकटवला. आणि खरं सांगतो, पहिली तार छेडली तेव्हा माझे डोळे भरून आले. तोच पत्रा, तेच रडणं, तोच मध, सगळं कर्ण्यातून. भाऊंनी बटण जरा आवरून धरलं होतं, त्यामुळे शिट्टीही नव्हती.

फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. वाटीला जे जे ऐकू जाईल ते ते आता सगळ्या गावाला ऐकू जाणार होतं.

कार्यक्रम एका संस्थेच्या वर्धापनदिनाचा होता. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. सूर्य कलला, मुलं रडून झोपली, झोपून उठली, अध्यक्ष उभेच. मी गिटार मांडीवर घेऊन, वायर लावून, तयार बसलेला. शेजारी ढोलकीवाला होता. त्याच्याकडे वाकून, म्हणजे नेमकं वाटीवर तोंड आणून, मी हळूच म्हणालो, "हा माणूस बसणार कधी? घरी याचं कुणी ऐकत नाही वाटतं."

जसा आवाज मला गिटारीचा हवा होता तसा माझा गेला. स्वच्छ, भारदस्त, शेवटच्या रांगेपर्यंत. अशा टाळ्या पडल्या की तशा मला आयुष्यात पुन्हा मिळाल्या नाहीत. अध्यक्ष बसले. नानांना त्या संस्थेचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. जाताना ट्रकमध्ये नाना म्हणाले, "आता शेवटचं. पांझरेकाठी एक लग्न आहे. तिथे वाजलं तर वाजलं." भाच्याला सुरतेला बोलावणं गेलंय, हे मला ढोलकीवाल्याने सांगितलं.

पांझरेकाठच्या त्या गावाचं समोरच्या काठावरच्या गावाशी जुनं वैर होतं. वैर कशावरून, हे दोन्ही गावांत कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटायचीही सोय नव्हती. त्या वर्षी यात्रेत पलीकडच्यांनी आपले कर्णे नदीकडे तोंड करून लावले होते आणि रात्रंदिवस या गावाचे कान किटवले होते. वरपिते आबा त्याची परतफेड करायच्या तयारीनेच बसले होते. भाऊ मंडपात कर्णे बांधायला लागले तर आबांनी थांबवलं.

"आठे कसाले? आमले माहीत शे आमना घर लगन शे. बठ्ठा कर्णा तथा कर. त्येस्ले कळू दे."

भाऊंनी सगळे कर्णे नदीकाठच्या निंबावर चढवले, तोंडं पलीकडे. मंडपात एकही नाही. गायक गाऊ लागला तर मंडपातल्या माणसांना तो नुसता तोंड उघडताना दिसत होता. त्याचा आवाज पलीकडच्या गावाच्या भिंतींवर आपटून मागाहून यायचा, तोवर त्याचं पुढचं कडवं सुरू. पण आबा प्रसन्न होते. आवाज आपल्याला आला नाही याचं दुःख नव्हतं, त्यांना गेला याचं सुख होतं.

माझी पाळी आली. खडा काढून टाकला होता, साधा माईक समोर ठेवला. भाऊंनी सवयीने बटण उजवीकडे फिरवलं, आणखी फिरवलं, टोकापर्यंत नेलं. शिट्टी नाही! कर्णे लांब, वर, आणि पाठ करून. वाटीला त्यांचं काही ऐकूच येत नव्हतं. मी कांडी सरकवली. नदीत पाणी बेताचंच होतं, त्या रिकाम्या पात्रावरून माझ्या गिटारीचा आवाज पलीकडे गेला आणि परत आला. केवढा मोठा, आणि तरी तो माझाच होता. दिवस मावळत होता. पलीकडच्या काठावर लोक घरांतून बाहेर येताना दिसले. त्यांनी खाटा आणून टाकल्या, त्यांवर म्हातारी माणसं बसली. कुणी ओरडत नव्हतं, कुणी नाचत नव्हतं. ते ऐकत होते. मी इतका सुखावलो की समोर काय चाललंय तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

समोर मंडप रिकामा होत होता. आधी पोरं गेली, मग तरुण, मग करवल्या. नदी ओलांडून सगळे पलीकडे निघाले होते, कारण आपल्या लग्नातला कार्यक्रम तिकडे चांगला ऐकू येत होता. पलीकडच्यांनी सरकून त्यांना जागा दिल्या, पाणी दिलं. शेवटी नवरदेवही उठतोय असं दिसल्यावर आबांचा तोल गेला.

"लगन आमनं, नी कार्यक्रम त्येस्ना? फिराव ते कर्णा! आठे फिराव!"

भाऊंनी निंबावर चढून कर्णे मंडपाकडे फिरवले. बटण होतं तिथेच होतं. त्या शिट्टीने मंडपातल्या शेवटच्या माणसालाही नदीपार नेलं.

नानांनी पानही खाल्लं नाही, म्हणून मी समजलो, माझी खुर्ची गेली.

पण मी फार दिवस बाहेर राहिलो नाही. भाचा कॅसिओ घेऊन आला, माझ्या जागी बसला, आणि पहिल्या कार्यक्रमानंतर नानांच्या लक्षात आलं की स्टेज अंधारं दिसतं. त्या काळ्या पेटीवर दिवे पडले तरी काही उजळत नव्हतं. माझ्या डब्यावर मात्र दिवा पडला की अख्ख्या मंडपात चांदणं नाचायचं. नानांनी मला घरी येऊन परत बोलावलं. "खुर्ची तुमचीच. बसायचं, वाजवायचं. फक्त वायर नको."

मी गेलो. का गेलो म्हणाल, तर घरी बसून काय करणार होतो? मी खरोखर वाजवायचो, मन लावून, आणि भाचा पेटीवरचं गिटारीचं बटण दाबून तीच धून वाजवायचा. तिचा आवाज प्लास्टिकच्या बादलीत पडणाऱ्या पाण्यासारखा. कार्यक्रम संपला की लोक माझ्याजवळ येऊन म्हणायचे, "वा, काय डबा वाजाडस भाऊ! पार फाटालोंग ऐकू गया!" सुरुवातीला मी खुलासा करायचो. पुढे पुढे नुसता नमस्कार करायला लागलो. मनातून मात्र मला त्यांचा, भाच्याचा आणि स्वतःचा भयंकर राग यायचा.

त्याच सराईत यावलच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दुपारचं लग्न होतं. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, नानांची माणसं ट्रक भरत होती. मी स्टेजच्या कडेला गिटार पुसत बसलो होतो. जवळच बाया पातेली घासत होत्या. त्यांच्यातली एक अक्का मघापासून माझ्याकडे बघत होती. ती हात पुसत आली.

"काय रे भाऊ, तू खोटं खोटं हात का फिरावस?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणालो, "खोटं नाही अक्का. खरंच वाजवतो."

"मी आठेच बठेल व्हतू. माले तं त्या पेटीनंच ऐकू ये. वाजाड बरं, दखू दे."

काय वाजवावं सुचेना. सकाळी हळदीला या बायांनीच एक गाणं म्हटलं होतं, सूर ओढत ओढत, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत. कांडीला हेच तर येतं. मी ते धरलं. अक्का उभीच होती. दुसऱ्या ओळीला ती खाली बसली आणि तिने त्या भोकाभोकांच्या झाकणाजवळ कान आणला. मग मागे वळून ओरडली, "या वं, बठ्ठ्या या! हाऊ डबा आपलं गानं म्हनी राहिना!"

राखेच्या हातांनी बाया आल्या आणि दाटीवाटीने बसल्या. एकीने हळूच गाणं उचललं, मग दुसरीने. माझा आवाज त्यांच्या आवाजाखाली जाऊ नये म्हणून त्या आपोआप दबकून गात होत्या. गर्दी दिसल्यावर भाऊंना राहवेना. ते ट्रकमधून माईक आणि स्टँड घेऊन धावतच आले. माझ्यासाठीच धावले होते बिचारे.

अक्काने त्यांना हातानेच थांबवलं. "ते तठेच ठेव भाऊ. आम्हले ऐकू ई राहिनं."

भाऊंनी माईक स्टँडसकट खाली ठेवला. मग त्यांनाही बसायला जागा हवी होती म्हणून बायांनी पातेलं सरकवलं. माझ्यासमोर आता एकच रांग होती आणि तिच्यातल्या प्रत्येकाला वाटीतला पत्रा, रडणं आणि मध ऐकू येत होता. नाना ट्रकजवळून हाका मारायला लागले, ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि बायांना विचारलं, "सकाळी दुसरं कोणतं म्हटलं होतं?" त्यांनी सांगितलं, ते मी वाजवायला घेतलं. त्या दुपारी मला फार आनंद झाला.